डुकरांनी काही केलं नव्हतं

एस्तेरो ओंदो,
२९ जुलै

लाडक्या ऑब्दुलियास,
एल्सिराताईचा आशीर्वाद.

आम्ही सगळे बरे आहोत. तूही ग्वायाकिलला बरी असशील, लोकांची धुणी धुऊन हात फुटले नसतील, अशी आशा करते. आईचे गुडघे दुखतात, तोंड मात्र ठणठणीत आहे. मी नारळाच्या रसातला मासा केला की अजून म्हणते, "ऑब्दुलियाच्या हातची चव नाही." मी मुकाट्यानं जेवते.

खाडीकाठी तू गेल्यावर लावलेलं कांदळवन छान धरलंय. गेल्या उधाणाला पाणी शाळेच्या पायरीपर्यंत आलंच नाही. शिंपल्याही परतल्यात.

सहा वर्षं पत्र नाही आणि आता ही कांदळाची बातमी कशाला, असं वाटेल तुला. सांगते, जरा धीर धर.

परवा सगळं गाव पुन्हा लावणीला उतरलं होतं. कांदळाच्या शेंगा चिखलात खोचता खोचता सेनोव्हिया ओरडली, "कुंपण घाला गं, ऑब्दुलियाची डुकरं येतील!" सगळ्या खो खो हसल्या. मला काही हसू येईना.

"डुकरांनी काही केलं नव्हतं," मी म्हटलं. "चूक माझी होती."

पहिल्या लावणीचा दिवस मीच ठरवला होता, आठवतं ना? उधाण ओसरलं की लगेच लावायचं, म्हणजे पुढच्या भांगाच्या, लहान भरतीच्या संथ पाण्यात शेंगा मूळ धरतात, हे आपल्याकडे शेंबड्या पोरालाही ठाऊक. पण मला पाद्रीबाबांचे आशीर्वाद हवे होते, आणि ते कार्मेनमातेच्या सणालाच येणार होते. म्हणून मी आठवडाभर थांबले. लावणी झाली आणि दोनच दिवसांत नवं उधाण लागलं. मी शिंपल्या वेचायला गेले, तर आपल्या शेंगा समोरच्या बेटाच्या वाळूत लोळत होत्या. इकडे गावात, चिखलात तुझ्या डुकरांची पावलं दिसली म्हणून, त्यांनीच लावणी उपटली असा आरडाओरडा चाललेला. मी पडले बायकांच्या संघाची अध्यक्ष. तोंड उघडलं नाही. तुझं नाव संघातून काढलं, खाडीत शिंपल्या वेचायची तुला बंदी झाली, तुला गाव सोडावं लागलं. बंदीच्या त्या कागदावर पहिली सही माझी आहे.

हे सगळं मी तिथे चिखलातच सगळ्यांना सांगितलं. तशी सेनोव्हिया म्हणाली, "म्हणजे सहा वर्षं मी त्या मुक्या जनावरांच्या नावानं बोटं मोडली? आणि तू शेजारी उभी राहून ऐकत होतीस, भवाने?" तिनं मूठभर चिखल माझ्या अंगावर फेकला. मग बाकीच्यांनीही फेकला. तोंडातला चिखल थुंकत मी म्हटलं, "अजून फेका."

अध्यक्षपदावरून मला काढलं. बरं झालं. काल दुपारी जरा आडवी झाले आणि सहा वर्षांत पहिल्यांदा गाढ झोपले. इतकं हलकं वाटतंय की मला स्वतःचीच लाज वाटते, कारण तुझी सहा वर्षं त्यात गेली.

तुझं नाव संघात पुन्हा घातलंय. खाडी तुला मोकळी आहे. यायचं की नाही, मला माफ करायचं की नाही, ते तू ठरव. तुझं काही ठरवायचा हक्क मी गमावलाय.

तुझी गुन्हेगार,
आणि तरीही तुझी ताई,
एल्सिरा