अरादच्या घरात ठेवलेल्या भूर्जपेट्या

आबा, बहारीनमधल्या त्या दुपारीबद्दल आपण कधी नीट बोललोच नाही. तुम्ही विषय टाळायचात आणि मी टाळू द्यायची. आता टाळणारं कोणी उरलं नाही, म्हणून लिहायला बसले आहे.

ऐंशी सालानंतरची गोष्ट. तुम्ही मनामाच्या वाचनालयाची व्हॅन चालवत होता, मी मुहर्रकच्या शाखेत टायपिंग करत होते, आई धाकट्यांना घेऊन गावी होती. त्या उन्हाळ्यात कॅनडाच्या मूळ रहिवाशांचं, मिकमॅक लोकांच्या कलेचं प्रदर्शन वाचनालयांमधून फिरत होतं. लाकडाच्या पातळ पट्ट्यांच्या टोपल्या आणि भूर्जाच्या सालीच्या गोल पेट्या, त्यांच्यावर साळिंदराचे रंगवलेले काटे ओवून केलेली नक्षी. सोबत त्यांच्यातलीच एक बाई आली होती, पिकल्या केसांची, आईपेक्षा थोडी मोठी. मनामाहून सामान निघताना तिने तुम्हाला आकाशाकडे बोट दाखवून बजावलं होतं, “नो सन.” ऊन लागलं की साल तडकते. तुम्ही मान हलवलीत. मग ती आमच्या शाखेच्या साहेबांच्या गाडीतून पुढे मुहर्रकला आली आणि खोके घेऊन तुम्ही मागून निघालात.

तुम्ही आलाच नाहीत. साहेब आधी घड्याळाकडे बघत होते, मग माझ्याकडे बघायला लागले. समुद्रावरचा पूल ओलांडायला असा वेळ लागतो किती! एक माणूस पुलापर्यंत जाऊन आला. व्हॅन अराद गावाच्या वळणावर उभी आहे म्हणाला, बॉनेट उघडं, आत कोणी नाही, खोकेही नाहीत. साहेब सगळ्यांसमोर म्हणाले, “तुम्हारा बाप सामान लेके किधर गया?” मी म्हटलं, येतील. “इंशाल्ला बोलने से नहीं चलेगा. मैं पुलिस को फोन करता हूँ. फिर उसका व्हिसा, तुम्हारा व्हिसा, सब खलास.” ती बाई खिडकीपाशी उभी होती, हाताची बोटं एकमेकांत घट्ट अडकवून. मी तिच्याजवळ गेले तर ती वळून न बघता म्हणाली, “त्यात माझ्या आजीने केलेली पेटी आहे. आमच्या वस्तू लोकांनी गाड्या भरभरून नेल्या, त्यातल्या थोड्याच परत आल्या. ही मी घरातून हट्टाने आणली.” मग विचारलं, “तुझे वडील माणूस म्हणून कसे आहेत?” माझ्या तोंडून भलतंच निघालं. म्हटलं, ते बाजारातून कोंबडी आणतात तीसुद्धा सावलीत धरून आणतात. ती हसली नाही. पण साहेबांपाशी जाऊन म्हणाली, “फोन करू नका. अजून थोडं थांबू.”

थांबलो. अखेर एक पिकअप दारात आली. पुढे तिचा बहारीनी मालक, मागे चादरीने झाकलेल्या खोक्यांना मिठी मारून तुम्ही. चेहरा उन्हाने काळानिळा, ओठ फुटलेले. अरादच्या वळणावर इंजिन तापून बंद पडलं होतं. तेव्हा तुम्ही खोके एकेक करून मागच्या गल्लीतल्या एका घराच्या दारात नेलेत आणि हातवारे करून आत थंड खोलीत ठेवायला लावलेत. घरात फक्त बायका होत्या, म्हणून तुम्ही आत गेला नाहीत. खोके सोडून निरोप द्यायलाही गेला नाहीत. घरधनी, म्हणजे हाच पिकअपवाला, येईपर्यंत भर उन्हात त्या उंबऱ्याबाहेर बसून राहिलात. हे सगळं त्या मालकाने अरबीत सांगितलं. बाईने खोके उघडले. सगळं जागच्या जागी होतं, एक काटा हलला नव्हता.

तरी साहेब तुमच्यावर ओरडले. परक्याच्या घरात सरकारी सामान ठेवलंच कसं? मी पुढे झाले, “साहेब, इनकी हालत तो देखिए...” आणि तुम्ही माझ्यावरच डाफरलात, “गप ऱ्हव चेडवा! घराक जाऊन बोलूया.” घरी तुम्ही स्वयंपाकघरातल्या लादीवर बसलात, मी पाण्यात मीठ-साखर घालून देत होते आणि रडत होते. सावलीला का गेला नाहीत म्हणून विचारलं. “तेंका सावली व्हयी होती,” तुम्ही म्हणालात, “माका नाय.” एवढंच. बोलणं राहिलं ते राहिलंच.

दुसऱ्या दिवशी पाहुणे जमले, पण बाई प्रदर्शन उघडेना. “ड्रायव्हर कुठे आहे?” साहेब म्हणाले, दुसऱ्या कामावर आहे. “मग आपण वाट बघू.” साहेबांनी दात ओठ खात माणूस पाठवला. तुम्ही आलात तेव्हा तिने आजीची पेटी दोन्ही हातांनी तुमच्यापुढे धरली आणि काचेच्या कपाटात ठेवायला सांगितली. तुम्ही मागे सरलात. “पडली तर?” मला विचारलंत. मी तिला सांगितलं. ती म्हणाली, “तुम्ही काल धरली होतीत. आजही धराल.” आणि तुम्ही ती ठेवलीत. कोणीतरी टाळी वाजवली, मग सगळ्यांनीच. साहेबांनीही.

वर्षअखेरीस तुमचा व्हिसा वाढवला नाही. कारण कोणी सांगितलं नाही. तुम्ही गावी गेलात, मी राहिले, इथेच संसार केला. तुम्ही कायमचे गेलात तेव्हाही मी इथेच होते.

हे पत्र पाठवायचं तरी कुठे? मुलांना मी ही गोष्ट पुष्कळदा सांगितली आहे. ती मराठीत ऐकतात आणि इंग्रजीत विचारतात, आजोबा घाबरले नाहीत? मी म्हणते, छे, पेटी घेऊन कपाटापर्यंत ताठ मानेने चालत गेले. खरं म्हणजे तुमचे हात इतके कापत होते की पेटीचं झाकण वाजत होतं, आणि मी पाठीमागून तुमचा सदरा मुठीत धरून उभी होते.