बसत नाही म्हटलेलं कार्ड

जास्मिन,

नवं ग्राफिक्स कार्ड तुझ्या कॉम्प्युटरमध्ये बसत नाही, असं मी काल म्हणाले ते खोटं होतं. मी ते लावूनही पाहिलं नव्हतं. तू भंडारदऱ्याच्या लग्नाची फिल्म केलीस, तेव्हापासून चर्चमध्ये लोक मला विचारतात, "तुम्ही जास्मिनच्या ताई का?" एडिटिंग तुला शिकवलं कोणी? मीच ना! पोटात दुखलं माझ्या.

आज सकाळी कार्ड बसवलंय, ड्रायव्हरही टाकलाय. मी पारनेरला मावशीकडे चाललेय, रविवारी येईन. भाजी झाकून ठेवलीय, भाकरी तेवढ्या तू कर.

कार्ड तपासायला तुझीच फिल्म लावली. कुठंही अडकली नाही. नवरीचे वडील पाठ फिरवून डोळे पुसतात, तो शॉट मी कापून टाकला असता. तू ठेवलास, आणि तेच बरोबर आहे. त्याचा राग अजून गेलेला नाही, म्हणून दोन दिवस फोन करू नकोस.

दया