चौथ्या रकान्यातलं नाव

४ डिसेंबर, सोमवार
धुळ्याहून पहाटेच्या एसटीने निघालो आणि दहाच्या आत जळगाव एमआयडीसीत हजर झालो. कांदा वाळवण्याचा कारखाना आहे. वास गेटपासूनच सुरू होतो. बायको, सुमन, सोबत असती तर पदर नाकाला लावून तिथूनच मागे फिरली असती.

बॉयलर हाऊस पाहून मात्र जीव खूश झाला. पुसलेली लादी, गॅसवरचे तीन बॉयलर, कुठे काजळीचा डाग नाही. जुन्या कामगारांनी त्यांना थोरली, मधली, धाकटी अशी नावं दिली होती, आता पॅनेलच्या पडद्यावरही तीच आहेत. पुण्याचे हितेंद्रसाहेब दिवसभर शिकवत होते. वाफेची मागणी वाढली की पॅनेल आपणहून दुसरीला पेटवतं, कमी झाली की विझवतं. जिचे चाललेले तास कमी, तिला आधी बोलावतं, म्हणजे तिघींची झीज सारखी राहते. माझ्या जुन्या नोकरीत, कोळशाच्या काळात, एवढ्याच कामाला आम्ही सहा जण होतो आणि सहाही जण एकमेकांशी भांडायचो. आता कायद्याला परवानावाला माणूस लागतो, म्हणून मी. साहेब म्हणाले, काका, तुम्ही फक्त बघत बसायचं. बावन्नाव्या वर्षी असं सुख कोणाच्या वाट्याला येतं? राहायला मागेच खोली आहे, गादीसकट.

९ डिसेंबर, शनिवार
सुख जरा जास्तच झालं. साहेब सोमवारीच पुण्याला गेले. डबेवाला खिडकीत डबा ठेवून निघून जातो. पाच दिवसांत मी मोजून नऊ वाक्यं बोललो असेन, त्यातली चार धाकटीशी.

पडद्यावर चौथा रकाना रिकामा आहे, पुढेमागे चौथा बॉयलर येईल म्हणून ठेवलेला. आज कंटाळून त्यात माझं नाव घातलं आणि चालूचं बटण दाबलं. उखर्डू. माझ्या आधीची दोन मुलं गेली, म्हणून आईने मला जन्मल्याबरोबर उकिरड्यावर ठेवून उचललं आणि हे नाव दिलं. नेणाऱ्याच्या मोजणीत हे पोर येऊ नये एवढाच तिचा हेतू. शाळेत फार चिडवायचे. पण त्या तिघींच्या खाली नाव बरं दिसलं. चौघं झालो. शेजारी तापमान ३७ आलं. एकही तार जोडलेली नाही, कुठून आणतं कोण जाणे.

११ डिसेंबर, सोमवार
सकाळी मागणी वाढली आणि पॅनेलने चौथ्याला बोलावलं. हिरवा दिवा लागला. मला हसूच आलं. मग पोटातून ऊब चढली, घाम फुटला. पडद्यावर इशारा आला, चौथ्याची पाण्याची पातळी कमी. घसा खरंच कोरडा पडला होता. दोन तांबे पाणी प्यायलो तसा इशारा गेला.

भ्यायला हवं होतं. पण खरं सांगायचं तर, माझी तहान कोणाच्या तरी लक्षात आली याचं बरंच वाटलं.

१३ डिसेंबर, बुधवार
दिवा अजून हिरवाच आहे. आज कारण कळलं. थोरलीचे तास एकेचाळीस हजार, धाकटीचे छत्तीस हजार. माझे फक्त एकोणपन्नास तास. कमी तासवाल्याला आधी, म्हणजे दर वेळी मलाच. बरोबरीला यायला न थांबता चार वर्षं लागतील. डोळा लागला की भोंगा वाजतो. तापमान ३९. आईने ज्या मोजणीतून मला लपवलं, तिथे मी माझ्या हाताने शिरलो.

सुमनचा फोन आला. "बठ्ठं बरं शे ना?" असं तिने विचारलं. हो, सगळं बरं आहे म्हणालो. सांगणार तरी काय?

१४ डिसेंबर, गुरुवार
धुळ्याची बस धरायची म्हणून निघालो. गेटवर हुडहुडी भरली, पाय उचलेना. वॉचमन नूर महंमद यांनी धरून परत खुर्चीत आणून बसवलं. पॅनेलसमोर येताच अंगात ऊब आली.

त्यांनी पडद्यावरच्या माझ्या नावावर बोट ठेवलं. मग त्यांनी सांगितलं की माझ्या आधीचे धनसिंगभाऊ याच खुर्चीत गेले. चौथ्या रकान्यात त्यांचंही नाव होतं. वैतागून एका दुपारी त्यांनी चौथ्याचं बटण बंद केलं, नूरभाईंच्या डोळ्यांदेखत. बॉयलर हाऊसच्या या उकाड्यात त्यांचं अंग क्षणात बर्फासारखं गार झालं. नाव नंतर कोणीतरी पुसलं.

१५ डिसेंबर
बंद करायचं नाही. गेटबाहेर जायचं नाही. झोप — भोंगा. ४०. पाणी, परत पाणी. चार वर्षं. भूमिकाचं कॉलेज तोवर संपेल, पोरगी लग्नाची होईल आणि बाप इथे — पण जिवंत असेन. फोनवर आवाज ऐकू येईल. काढीन. चार वर्षं काढीन.

१६ डिसेंबर
हितेंद्रसाहेबांचा मेसेज. पुण्याहून त्यांना दिसलं. चौथा रकाना चुकून चालू राहिलाय, त्याने क्रम बिघडतोय. काळजी करू नका काका, अकरा वाजता इथूनच बंद करतो.

दहा चाळीस. फोन उचलत नाहीत. मीटिंगमध्ये.

पॅनेलवरून नाव पुसायला गेलो. घालताना मागितला नव्हता, पुसायला मात्र पासवर्ड मागतं.

दहा पन्नास. मेसेज केला, बंद करू नका. का, म्हणून विचारलं. काय लिहू? लिहिलं, चौथा म्हणजे मीच आहे. त्यांनी हसणारा चेहरा पाठवला.

दहा छप्पन. सुमनला फोन लागला. भाकरी तव्यावर आहे, मागाहून करते म्हणाली. ठेवू नको म्हणणार होतो, तोवर —

अकरा. ३६.

पायाची बोटं — ३३. नूरभाईंना हाक मारली, आवाज —

सुमन, मी बरा नव्हतो. खोटं बोललो. मला घरी —