दक्षिणेचं दार

चिन्मयी,

मी भोकरदनला चाललो, जेवायला येतो. तुझं ते राजा-सरदारांच्या जमान्यातलं ठोकळ्यांचं घर लई भारी झालंय. फक्त दार दक्षिणेला व्हतं. तू उठायच्या आधी मी ते काढून पूर्वेच्या भिंतीत बसवलं. आता जिना आडवा येऊन राह्यला, छप्पर बी बसंना. सगळं उकलून परत बांधावं लागंल. तू ठोकळ्यांच्या सेटचे व्हिडिओ टाकतीस, त्यात ह्या सेटला नावं ठेवू नको, सेट बराबर हाय, गडबड बापाची हाय.

घर पुरं करूनच पुण्याला जाईन म्हणल्तीस, मंग आजची गाडी राहू दे.

तुझी आई म्हणती, दार कशाला काढलं, अख्खं घर टेबलावर फिरवलं असतं तरी भागलं असतं.

मला बी माहीत व्हतं.

बाबा