अण्णाच्या पायातले जंतू

९ जून, सोमवार. सकाळी १०
अण्णा माझा सख्खा थोरला भाऊ. तीस वर्षं एमआयडीसीत टॉवेलचे माग चालवतोय. शुगर आहे. धाकटा भाऊ हॉस्पिटलच्या लॅबमध्ये असताना पायाची जखम पंधरा दिवस लपवली!
सर्जन म्हणाले, दोन बोटं आजच काढू, नाहीतर सडणं वर चढेल. मी म्हणालो, आधी कल्चर होऊ द्या, पुवातले जंतू उगवून बघू, नेमकं औषध सापडेल, बोटं वाचतील. सर्जन चिडले. पण अण्णा म्हणाला, "माजा भाऊ म्हनतोय तर थांबू की." ऑपरेशनच्या कागदावर सही केली नाही. आयुष्यात पहिल्यांदा त्याने माझं ऐकलं.

दुपारी १२
पू प्लेटवर लावून प्लेट जारमध्ये ठेवली. हे जंतू ऑक्सिजन लागला की मरतात, म्हणून घट्ट झाकण आणि आत ऑक्सिजन शोषणारी पुडी. अठ्ठेचाळीस तास उघडायचा नाही. आमच्या लॅबच्या डॉक्टर राजश्री मॅडमनी हे तीनदा सांगितलं. एकोणीस वर्षं झाली मला इथे!
संकल्प : बुधवारी बारापर्यंत जारला हात नाही.

१० जून, मंगळवार. सकाळी ११
हात लावला. फक्त झाकण सैल आहे का बघायला. उघडलंच, तर प्लेटही बघितली. कोरी. दहा सेकंद फार तर. नवी पुडी कपाटात नव्हती. जुनी चालेल.

दुपारी ४
वॉर्डातून वैनीचा फोन. काळं घोट्याकडे सरकतंय. म्हणालो, उद्या रिपोर्ट. मग अण्णाने फोन घेतला. "शिवा, डबा खाल्लास का रं?"
जार परत एकदा उघडला. पाच सेकंद.

११ जून, बुधवार. दुपारी १२
प्लेट कोरी. जारमधली पट्टी निळी. ऑक्सिजन नसेल तर पांढरी पडते. पट्टी जुनी असणार.
किंवा जंतू नाहीतच! अण्णाला फोन केला, काही उगवलं नाही, चांगली बातमी. तो म्हणाला, "मग वास कसला येतोय रं?"
मॅडमनी विचारलं, मध्ये उघडला होता का. नाही म्हणालो.

१२ जून, गुरुवार
सकाळी अण्णा तापाने बरळत होता. वैनीने सही केली. गुडघ्याखाली पाय काढला. सर्जन बोलले असते तर उत्तर तयार होतं.
कापलेल्या पायातला तुकडा मॅडमनी स्वतः जारमध्ये लावला. झाकणावर चिकटपट्टी, तिच्यावर सही. हे माझ्यासाठी नसावं.

१४ जून, शनिवार
उगवले. प्लेटभर.
मॅडमना म्हणालो, हे बुधवारीच कळलं असतं तर औषध मिळालं असतं. त्या हळू म्हणाल्या, "औषध सोमवारपासून चालूच होतं, शिवयोगी. मेलेल्या मांसात ते पोचत नाही. ते कापायलाच हवं होतं."
म्हणजे कल्चर जमलं असतं तरी बोटं जाणारच होती.
आज डबा तसाच परत.

१५ जून, रविवार
सगळं सांगायचं ठरवून वॉर्डात गेलो. जार, पट्टी, खोटं बोललो तेही.
मला बघून अण्णा उठून बसायला लागला. शेजारच्या पेशंटला म्हणाला, "ह्यो माजा धाकटा. जंतू ह्यानंच हुडकला. ह्यो नसता तर मी न्हवतो."
वैनी खाली मान घालून चादर नीट करत राहिली.
शेजारच्याने मला हात जोडले. मीही जोडले.