वरच्या वस्तीची कॉफी पुन्हा चाखून पाहण्याबाबत

प्रति,
मा. नोंदणी अधिकारी,
प्रादेशिक पीक ओळख कार्यालय.

विषय : नामंजूर कॉफीची फेरचव उद्याच्या बैठकीपूर्वी घेण्याबाबत.
संदर्भ : आपले 'चव वेगळी आढळली नाही' हे पत्र.

महोदय,

डोंगरमाथ्यावरील आमच्या वस्तीच्या कॉफीला तिच्या स्वतःच्या नावाने ओळख मिळावी, असा अर्ज आम्ही बागायतदारांनी केला होता. त्यानुसार आपले चव परीक्षक आमच्या घरी आले. माझ्या सासूबाईंनी त्यांना कॉफी पाजली व नमुनाही दिला. आपल्या पत्रानुसार ती खालच्या खोऱ्यातील कॉफीची हुबेहूब नक्कल निघाली. महोदय, नक्कल कसली? ती खालच्या खोऱ्यातलीच कॉफी होती.

खुलासा असा की, वरच्या थंडीत आमचे दाणे बारीक व वाकडेतिकडे होतात. असले दाणे पाहुण्यांपुढे ठेवणे आमच्या वस्तीत कमीपणाचे मानतात. म्हणून घरोघरी बाजारातल्या टपोऱ्या दाण्यांचा एक डबा पाहुण्यांसाठी राखलेला असतो. साहेब येणार म्हणून सासूबाईंनी मोठ्या हौसेने तोच डबा काढला. मी मागच्या अंगणात कॉफीची फळे वाळत घालत होते. मला कळेपर्यंत साहेबांची गाडी घाट उतरून गेली होती.

हे मी आपल्या कार्यालयाच्या खिडकीवर सांगितले, तर खरेदीचे बिल आणण्यास फर्मावण्यात आले. बाजारात पोत्यावर बसलेला माणूस बिल देतो का हो? त्यावर कडी म्हणजे, नक्कल केल्याबद्दल कारवाई का करू नये, अशी नोटीस आली आहे. आमची कॉफी कोणी तोंडाला लावली नाही, आणि चोर मात्र आम्ही!

उद्या नामंजुरीवर शिक्का बसला, की आमचा माल कायमचा खोऱ्याच्या नावाने विकला जाईल. वस्तीत सासूबाईंशी कोणी बोलत नाही. माझी धाकटी जाऊ त्यांना ऐकू जाईल अशा बेताने टोमणे मारते. आपल्याच हाताने वस्तीचे नाक कापले, असे म्हणत त्या रडतात. मला ते बघवत नाही.

तरी आज, कार्यालय बंद होण्यापूर्वी, आपण स्वतः एक कप घ्यावा. आम्ही बाहेरच्या बाकावर बसलो आहोत. शिपायाने दोनदा उठवले, तरी उठणार नाही.

आपल्या एका घोटाची वाट पाहणारी,
थोरली सून,
शेवटचे घर, वरची वस्ती
दिनांक : बैठकीच्या आदल्या दिवशी, दुपारी

सोबत :
१. आमच्या मळ्यातील वाकडे दाणे, एक पुडी.
२. त्याच दाण्यांची कॉफी, थर्मासमध्ये, गरम.
३. सासूबाई. साहेबांना असली कॉफी कशी द्यायची म्हणून अजूनही संकोचल्या आहेत. प्यायल्यावर कशी झाली ते कृपया त्यांनाच सांगावे.