सत्तावीस दिवसांचा टोला

३ नोव्हेंबर
पोचले एकदाची! धाकट्या भावाचं क्वार्टर म्हणजे दोन खोल्या, मागे सामानाची कोठी आणि खिडकीतून दिसणारा अणुभट्टीचा घुमट. भावजय गेल्यापासून घराला बाईचा हात नव्हता. चिऊच्या वेण्या पाहूनच ते कळलं. एक कानावर, एक मानेवर. सात वर्षांची पोर, पण भावाची लेक शोभते, हट्टी. आधी तिच्या वेण्या घातल्या, मग चहा.

दुपारी कामावर रुजूही झाले. कारखान्याच्या दवाखान्यात नोंदवही लिहायची. माझं अक्षर पाहून डॉक्टरीणबाईंनी विचारलं, हे छापलंय का? म्हटलं, कॉन्व्हेंटच्या सिस्टरांच्या फूटपट्टीची कृपा. तेवढ्यात मिशीवाले फोरमन आले. म्हणाले, टोला खाल्ल्याशिवाय इथे कुणी आपलं होत नाही. भट्टीतलं थोरियम म्हणजे आळशी जावई, ढुशी दिल्याशिवाय उठायचा नाही, आणि नवी माणसंही तशीच. सगळे हसले. त्यांनी माझ्याच फूटपट्टीनं माझ्या बोटांवर हलकेच एक मारली. अगदी सिस्टरांसारखी. उगाच डोळे भरून आले.

५ नोव्हेंबर
आज रविवार. वेणी घालताना चिऊला माझ्या शाळेच्या वसतिगृहातल्या गॅसबत्तीची गोष्ट सांगत होते. सिस्टर तिची पांढरी जाळी पेटवायच्या. जाळीची राख व्हायची, पण राख कापडाचा आकार सोडायची नाही. बोट लागलं की भुगा. धाकटा म्हणाला, ताई, त्या जाळीत थोरियमच असायचं. म्हणजे आमची ओळख जुनीच!

मग त्यानं मला भट्टी समजावली. थोरियम स्वतः जळत नाही. त्याला बाहेरून एका कणाचा मार बसतो. मग ते गप्प राहतं, आतल्या आत बदलतं. सत्तावीस दिवसांत निम्मं बदलून जातं, आणि जे बदललं ते फुटायला तयार. एक फुटलं की दोन-तीन कण सुटतात, ते पुढच्यांना मारतात. मी म्हटलं, घराघरांतही असंच चालतं की रे. हसला.

९ नोव्हेंबर
वेल्डर मला रोज नमस्कार करायचा. कबुतरांना दाणे टाकणारा माणूस. आज कॅन्टीनमध्ये जेवता जेवता उठला आणि शेजारच्या फिटरचं डोकं टेबलावर आपटू लागला. दहा वेळा, बारा वेळा. सोडवायला गेलेल्या दोघांचे हात मोडले. फिटर गेला. मी नोंद केली. वेल्डरला बांधून आणलं तेव्हा तो मला विचारत होता, बाई, माझ्या हाताला एवढं रक्त कुणाचं?

१७ नोव्हेंबर
कॅन्टीनची आचारीणबाई. उकळतं तेल. तिघं भाजले, एकीचे डोळे गेले. पोरीबाळींसारखं सांभाळायची ती त्यांना.

संध्याकाळी नोंदवही चाळली. रुजू होताना सगळ्यांचं रक्त तपासतात, म्हणून तारखा आहेत. वेल्डर रुजू झाला तेरा ऑक्टोबरला. आचारीणबाई एकवीस ऑक्टोबरला. मी बोटांवर मोजलं. मग कागदावर मोजलं. दोन्हीकडे सत्तावीस दिवस.

दोघांनाही पहिल्याच दिवशी टोला मिळाला होता.

१८ नोव्हेंबर
आणखी मागे गेले. अठ्ठावीस ऑगस्टला भट्टी पेटली. त्याच दिवशी झाकणाची साखळी सुटून फोरमनच्या खांद्याला लागली. जखम किरकोळ, अशी नोंद. चोवीस सप्टेंबरला त्यांनी पहिला टोला मारला. मधे सत्तावीस दिवस. त्याआधी अशी प्रथाच नव्हती, डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

मला तीन तारखेला. म्हणजे तीस तारीख.

धाकट्याला सांगितलं. म्हणाला, ताई, माणूस म्हणजे काय धातू आहे? तो इथला इंजिनियर साहेब, म्हणून त्याला कुणी टोला मारलेला नाही. देवाची दया.

२२ नोव्हेंबर
फोरमनना जाब विचारायला गेले. ते रडत होते. म्हणाले, बाई, हात आपोआप उठतो, मी हलका मारायचा प्रयत्न करतो. कालच त्यांनी डॉक्टरीणबाईंना टोला मारला.

फाटक बंद केलंय. बातमी बाहेर जाऊ नये म्हणून. चिऊला मावशीकडे पाठवा म्हणून अर्ज दिला. वरच्या साहेबलोकांनी फाडला.

२६ नोव्हेंबर
रंगारी. शिडीवरून खालच्यावर उडी, मग दातांनी— लिहवत नाही. आता धाकट्याचाही विश्वास बसलाय. मला म्हणाला, ताई, निम्मंच बदलतं, लक्षात ठेव. निम्मं तसंच राहतं.

निम्मी तरी मी उरेन.

२८ नोव्हेंबर
ठरलं. तीस तारखेला मला कोठीत कोंडायचं. बाहेरून कुलूप. किल्ली धाकट्याच्या खिशात. आतली हातोडी, सुरी, दोरी काढली. फूटपट्टीसुद्धा. वही आणि पेन्सिल ठेवली. चिऊला सांगितलं, आत्या आजारी आहे, दाराशी यायचं नाही. तिनं विचारलं, मग वेण्या कोण घालणार?

३० नोव्हेंबर, सकाळ
कोठीत आहे. सगळं शांत. बोटांवर तिथेच ऊब, टोला बसला तिथे. फटीतून घुमट दिसतो.

बरी आहे मी. प्रार्थना म्हटली, सगळी आठवली.

दुपार
भोंगा. भट्टीवर मारामारी. धाकट्याला न्यायला माणसं आली. तो दाराशी धापा टाकत म्हणाला, ताई, तिथे रक्ताचा चिखल झालाय, मी तिकडे अडकलो तर तू आत उपाशी मरशील, म्हणून किल्ली चिऊच्या गळ्यात बांधतोय, तिला सांगितलंय मी येईपर्यंत—

मी ओरडले, नको. तो गेला होता.

नंतर
हातांना काहीतरी होतंय. दुखत नाही. छान वाटतंय, हेच—

पेन्सिल मोडली. अर्धीनं लिहितेय. भिंतीवर हात आपटला, नखं— काही वाटलं नाही.

चिऊ दाराशी. पाणी आणलंय म्हणते. कंगवा आणलाय. आत्या, वेण्या सुटल्या.

सांगायचंय, पळ. पळ गं बाळ. सांगितलं. बहुतेक सांगितलं. मला ऐकू आलं ते वेगळंच. माझाच आवाज, सिस्टरांसारखा गोड. ये बाळ, उघड, कुलपात उजवीकडे फिरव—

निम्मी मी दार धरून आहे. निम्मी—

किल्ली फिर